तळ्यावरून आलेला सांगावा

अपर मॅकफी, केप ब्रेटन
११ जानेवारी

पेगी,

तुझा नाताळचा केक पोचला. सुरीला दाद देईना, शेवटी तुझ्या भावाची, हेक्टरची आरी काढली. चव बरी होती. पुढच्या वर्षी तूप थोडं सैल हाताने घाल, तुमच्या घराण्याला ते जड जातं हे ठाऊक आहे मला, तरी घाल.

आता मुद्द्याचं. हे फोनवर बोलले असते, पण हे बोलायचं नसतं. तुझ्याच आईने मला शिकवलं, मी नवी नवरी होते तेव्हा. सांगावा आला, म्हणजे पुढे घडायचं ते आधीच ऐकू आलं, तर तो तोंडाने उच्चारायचा नाही, आणि ज्याच्यासाठी आलाय त्याच्या कानावर तर मुळीच जाऊ द्यायचा नाही. उच्चारला की पक्का होतो. म्हणून लिहिते. अक्षर लागत नसेल तर तुझं नशीब. माझी शाळा तिसरीत सुटली.

मंगळवारी भर दुपारी मोरीशी उभी राहून खारा मासा धूत होते. ऊन इतकं लख्ख की बर्फाकडे बघवत नव्हतं. स्वयंपाकघरात घड्याळाची टिकटिक चालली होती, ती थांबली. थांबली म्हणूनच मला ऐकू आली, तसं होतं ना? आणि मग ठोके. एक, दोन, तीन. दारावर नाहीत. लोखंडावर, घण मारल्यासारखे, तळ्याच्या बाजूने. मग पत्र्याच्या डब्यात खिळे घालून कोणी बर्फावरून ढकलावा तसा खडखडाट. लांबून आला, घराकडे आला, हळू झाला, गप्प झाला. मी खिडकीला नाक लावून बघितलं. तळं रिकामं. कालच्या बर्फावर कोल्ह्याचंसुद्धा पाऊल नाही.

मी घाबरट नाही, तुला माहीत आहे. पण हेक्टरच्या वेळी ओसरीत ओले बूट चालताना ऐकले होते, आणि हेक्टर तेव्हा गावात होता, कोरडा. त्यानंतर तळ्याने त्याला नेलंच. तू धावत आलीस, आरसा झाकलास, घड्याळ थांबवलंस आणि कोणी न सांगता चहा टाकलास. तुझ्यातली तेवढी एक गोष्ट मला पहिल्यापासून आवडते.

आता सांग, डब्यासारखं खडखडणारं काय असतं आमच्या घरात? माझ्या नातवाची, लॉकीची ती हॉकीची चकती. खुळा पोरगा, दोन्ही डोळे गेले तर माणूस खुर्ची विणायला शिकतो, पियानो ठाकठीक करायला शिकतो. हा गोलकीपर झाला. आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या हार्डविकला त्या आंधळ्यांच्या हॉकीच्या स्पर्धा आहेत, समुद्राकडच्या चारही प्रांतांतले संघ येणार म्हणून तो फोनवर दर रविवारी माझं डोकं खातो.

त्याचा बाप तेलाच्या खाणीवर गेला तो पश्चिमेचाच होऊन बसला. पोर मी वाढवलं. दुसरं मला कोणी नाही. तो तुझ्या घरात राहतो, तुझ्या हातचं खातो. तेव्हा त्याला बर्फावर जाऊ देऊ नकोस. का ते सांगू नकोस. काहीतरी थाप मार. तू थापा चांगल्या मारतेस.

फ्लोरा


हार्डविक
२४ जानेवारी

फ्लोरा,

तूप सैल घालीन. तूही शाई जरा सैल घाल, तुझं अक्षर कोंबडी चिखलातून गेल्यासारखं आहे. तरी लागलं सगळं.

तू ऐकलंस ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण ते काय असतं ते तुला बघून माहीत नाही म्हणून सांगते. गोलकीपरला दिसत नसतं, अजिबातच. आपण कुठे उभे आहोत ते कळायला तो पाठीमागे स्टिक मारतो, डाव्या खांबावर, उजव्या खांबावर. ठण, ठण. लॉकी घरातसुद्धा करतो, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला की चौकटीला बोटं लावून. मला आता त्याशिवाय घर सुनं वाटतं. आणि ती चकती पोलादी, पोकळ, आत छर्रे. सरकते तोवर खडखडते, थांबली की मुकी. मग सगळे बावरतात. ज्यांना थोडंफार दिसतं ते सावलीसारखी शोधतात आणि लॉकी तोंडाने श्वास घ्यायचा थांबवून ऐकत बसतो.

बघायला येणाऱ्यांनी बोलायचं नाही असा तिथे नियम आहे. शिट्टी वाजली की टाळ्या, नाहीतर चूप. भरलेलं रिंक आणि चर्चमध्ये असते तशी शांतता. चर्चमध्ये निदान लोक खोकतात. पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आता आवडतं.

तर तू त्याचा खेळ ऐकलास, इतकंच. सांगावा म्हणजे दर वेळी मरणच कुठे असतं? आमच्या कॅटीमावशीने तळ्याकाठी आगगाडी ऐकली होती, रूळ पडायच्या कितीतरी आधी. लोक तिला खुळी म्हणाले. मग खरंच आगगाडी आली आणि मावशी तिच्यात बसून खुशाल बाजाराला गेली.

एक विचारते. घड्याळाची टिकटिक थांबली असं तू लिहिलंस. ठोक्यांच्या आधी थांबली की नंतर? आणि नक्की घड्याळच ना? याचं उत्तर दे, बाकीच्या शिव्या नाही दिल्यास तरी चालेल.

पेगी


अपर मॅकफी
२ फेब्रुवारी

नणंदबाई,

मी बहिरी आहे का? आधी थांबली. आधी टिकटिक थांबली, मग तीन ठोके, मग खडखडाट. आणि घड्याळ नाही तर काय, स्वयंपाकघरात दुसरं काय टिकटिकतं? मी मरणाचं लिहिते आणि तू घड्याळाचं विचारतेस.

आणि दोन खांब असतील तर दोन ठोके होतील. मी तीन ऐकले. त्याचा हिशोब दे.

आगगाडीचं मला सांगू नकोस. कॅटीमावशी त्या गाडीतून बाजाराला गेली हे खरं, आणि तिचा धाकटा त्याच रुळांवर गेला हेही खरं. तो भाग तुमच्या घरात कोणी सांगत नाही.

तू त्याला थांबवायला काहीच केलं नाहीस हे तुझ्या पत्रावरून दिसतंय. काल रविवार होता, फोनवर त्याच्याशी नेहमीसारखं हवापाण्याचं बोलले. जीभ चावून बसले होते. तो म्हणतो, आजी, या वेळी आपल्या प्रांताचा संघ शेवटच्या सामन्यापर्यंत जाणार. मी म्हटलं, आमच्याकडे उत्तरेचा वारा आहे. तो म्हणाला, मी इतकं सांगतोय आणि तुला वारा सुचतो.

स्केट लपव. आंधळ्याचे स्केट लपवायला अक्कल लागत नाही, एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ठेवायचे. पाप लागलं तर माझ्या नावावर मांड, मी पाद्रीबाबांना सांगून टाकीन.

आणखी एक. तुझ्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढायला लागल्या आहेत. शेवटची तर कागदाबाहेर गेली आणि टेबलावर संपली असणार. दारू प्यायला लागलीस की दिवा घालवून लिहितेस?

फ्लोरा


हार्डविक
१६ फेब्रुवारी

फ्लोरा,

दिवा मंद आहे. बदलीन.

स्केट मी लपवले नाहीत आणि लपवणार नाही. ऐक, रागावण्याआधी पूर्ण वाच. त्या पोराला डॉक्टरने डोळ्यांचं सांगितलं तेव्हा तो हिवाळाभर माझ्या मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी तुला तेव्हा लिहिलं नाही. त्याला त्या भिंतीपासून उठवलं ते या खडखडणाऱ्या डब्याने. तो काढून घेतला तर तो जिवंत राहील, पण भिंतीकडे तोंड करून. तुला तसा हवा आहे का?

मी रोज सरावाला जाते. रिंक जुनं आहे, गोलामागे काचेऐवजी तारेची जाळी आहे, तिच्याशी माझी खुर्ची. विणत बसते. आईच्या पोलादी सुया आहेत ना, त्यांचा आवाज होतो. पहिल्या दिवशी पंच येऊन म्हणाला, आजीबाई, इथे आवाज चालत नाही. तर लॉकी गोलातून ओरडला, त्यांना विणू द्या. तो म्हणतो, खेळ पलीकडच्या टोकाला गेला की बर्फ चहूबाजूंनी सारखाच वाटतो, माणूस काळ्या पाण्यात सोडल्यासारखा होतो. तेव्हा माझ्या सुया पाठीमागे ऐकू आल्या की पाठ कुठे आहे ते कळतं. म्हणून बाजू बदलली की मीही खुर्ची उचलून पलीकडे जाते. दुसऱ्या संघाने हरकत घेतली नाही. त्यांच्या गोलकीपरची बायको बांगड्या घालून बसते.

तेव्हा मी घरी बसू शकत नाही आणि त्यालाही बसवणार नाही. तुला एक सांगते, आणि हे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे. लॉकीला काही होणार नाही. मला कसं माहीत ते विचारू नकोस. तू निश्चिंत रहा, मासे धू, माझ्यावर चीड.

त्याच्यासाठी मोजे विणतेय. एक झाला. दुसरा टाचेपर्यंत आलाय.

तुझा केकचा डबा परत पाठव, तो माझ्या आईचा आहे.

पेगी


अपर मॅकफी
२४ फेब्रुवारी

पेगी,

भिंतीचं मला माहीत नव्हतं. कळवायला हवं होतंस.

तरी ऐक. त्याला सांग, आजी आजारी आहे, ताबडतोब बोलावलंय. स्पर्धा उरकेपर्यंत मी अंथरुणात पडून राहीन, कण्हीनही. शेजारचा डंकन मॅकइसाक गाडी घेऊन बसस्टँडवर उभा राहील, त्याला मी तयार केलाय, बदल्यात ॲपल पाय भाजून मागतोय, देते.

मी स्वतःच आले असते, पण रस्ता बर्फाने बंद आहे, बर्फ हटवणारी नांगराची गाडी पुलापर्यंत येते आणि लाजून परत जाते. हे पत्र तरी पुलापार होतंय का ते देव जाणे.

"काही होणार नाही" असं तू लिहिलंस. तू कोण, पाद्री?

डबा पाठवते. तुझी आई मला तो देऊन गेली होती, पण असो.

फ्लोरा


हार्डविक
१२ मार्च

आजी,

हे मी टाइप केलंय, म्हणजे तुला वाचायला सोपं जाईल. रस्ता उघडला आणि तू दफनाला आलीस, तेव्हा माझा हात धरून बसली होतीस आणि दोनदा विचारलंस की नक्की काय झालं. मी म्हणालो, हृदय बंद पडलं. तेवढंच म्हणालो, कारण बाकीचं तोंडाने बोलायचं नसतं. होय, मला माहीत आहे. सगळं माहीत आहे, जानेवारीपासून.

पेगीआत्याचे डोळे गेले होते, आजी. घराण्याचा तोच रोग, फक्त तिला उशिरा गाठला. रेषा आणि उजेड तेवढा कळायचा. लिहायची सवयीने, पण वाचता येत नव्हतं. तिने मला शपथ घातली होती की फ्लोराला कळू द्यायचं नाही, ती मला आयुष्यभर टोमणे मारील. तर तुझं पत्र आलं की ती ते माझ्या यंत्राखाली धरायची. ते कागद बघतं आणि मोठ्याने वाचतं. मला तेच सगळं टपाल वाचून दाखवतं. तुझ्या अक्षरावर ते अडखळतं, पण वाचतं. तेव्हा तुझा सांगावा आमच्या स्वयंपाकघरात खणखणीत आवाजात वाचला गेला, आणि मी समोर ओटकेक खात बसलो होतो.

वाचून झाल्यावरही तिने कागद यंत्राखालीच धरून ठेवला. मग आत्या म्हणाली, घड्याळाची ओळ परत वाचायला सांग. यंत्राने परत वाचली. ती म्हणाली, पुन्हा एकदा. मग ती हसली. अगदी थोडंसं. म्हणाली, "तुझी आजी विसरली. ते घड्याळ मी स्वतः थांबवलं होतं, हेक्टर गेला त्या दिवशी. त्याला तिने पुन्हा कधी चावी दिली नाही."

मी विचारलं, मग टिकटिकत काय होतं? ती म्हणाली, "म्हातारीचे कान. तुझा नाहीये हा सांगावा. तू खेळ." आणि सुया उचलून विणायला लागली. मला वाटलं, माझी समजूत काढतेय. तुझ्या दुसऱ्या पत्रानंतर तिने मोज्यांचा वेग वाढवला. मला वाटलं, थंडी आहे म्हणून.

आता सामन्याचं सांगतो. शेवटचा सामना, शेवटचा डाव, दोन्ही संघ बरोबरीत. ती नेहमीसारखी जाळीशी. रिंक भरलेलं होतं आणि कोणी श्वाससुद्धा मोठा घेत नव्हतं. चकती पलीकडच्या टोकाला होती. माझ्या पाठीमागे टिक टिक टिक. मी तिच्यावर पाठ टेकल्यासारखा उभा होतो.

ती थांबली.

टाके मोजायला ती थांबते कधीकधी. मी वाट बघितली. मग चकती वळली, आमच्या बाजूला यायला लागली, तो खडखडाट तुला माहीत आहे. आणि मला एकदम तुझी ओळ ऐकू आली, यंत्राच्या त्या सपाट आवाजात. आधी टिकटिक थांबली.

शेजारच्या बाईला वाटलं होतं, डुलकी लागली. तिने नंतर सांगितलं. त्या रिंकमध्ये कोणी पडलं तरी कोणी ओरडत नाही, शिट्टी वाजेपर्यंत गप्प बसायची सवय लावलेली आहे सगळ्यांना. मी ओरडलो, पण मुखवट्यातून आवाज कुठे जातो? खेळ चालूच. मग मी वळलो आणि स्टिकने खांबावर मारलं, अंगात होता तेवढा जोर काढून. एकदा कोणी ऐकलं नाही. दुसऱ्यांदा पंचाला वाटलं, मी जागा शोधतोय. तिसऱ्यांदा स्टिक मोडली.

मग मी गोल सोडून जाळीकडे गेलो. चकती माझ्या शेजारून गेली, रिकाम्या गोलात शिरली, हळू झाली, थांबली. आणि शिट्टी वाजेपर्यंत तिथे इतकी शांतता होती की मी ती कधी विसरणार नाही.

आपण एका गोलाने हरलो.

जाळीतून बोटं घातली तर तिचा हात लागला. सुया हातातच होत्या. दुसरा मोजा पूर्ण झाला होता, फक्त शेवटचा धागा तोडायचा राहिला होता.

एक विचारायचंय, आणि हेही लिहूनच विचारतो. त्यानंतर तुला काही ऐकू आलंय का?

लॉकी


अपर मॅकफी
२० मार्च

लॉकी,

हे पत्र तुझ्या त्या यंत्राला मोठ्याने वाचू दे. झालेल्या गोष्टीला आता उच्चारून काय होणार. माझ्या अक्षरावर अडखळलं तर त्याला म्हणावं, हळू वाच, घाई नाही.

तुझं पत्र डंकनने वाचून दाखवायला घेतलं, मी त्याच्या हातातून काढून घेतलं. मोठी अक्षरं आहेत, मला जमलं. मग उठून भिंतीशी गेले. घड्याळ आहे तिथेच आहे. काटे हेक्टरच्या वेळेवर. त्याच्यावरची धूळ मी दर शनिवारी पुसते. पुसते, आणि तरी मी त्या बाईला लिहिलं की स्वयंपाकघरात दुसरं काय टिकटिकतं. माझ्या लग्नानंतर ती या घरात होती तेव्हा चुलीशी बसून त्याच सुयांनी विणायची. मी तिला म्हणायचे, तुझ्या त्या टिकटिकीने माझं दूध फाटेल.

सासूबाईंनी सांगितलं होतं, ज्याच्यासाठी आलाय त्याला कळू द्यायचं नाही. मी काय केलं? बसून, आठवून आठवून, क्रमवार लिहिलं. पाकिटावर तिचंच नाव घातलं. तिने परत विचारलं तर पुन्हा लिहिलं, आणि वर तिला झापलं. आणि ती मला म्हणते, मासे धू, माझ्यावर चीड.

तिचे डोळे गेलेत हे मला कळलं असतं तर मी टोमणे मारले असते. तेवढं तिचं बरोबर होतं.

गोल सोडलास ते ठीक केलंस. हरलात तेही ठीक. पुढच्या वर्षी जिंका. खेळणं सोडलंस आणि भिंतीकडे तोंड केलंस तर मी पूल असो नसो, चालत येईन.

मोजे आण, धागा मी तोडीन. तुला जमायचं नाही, दात लावशील.

आता तू विचारलंस त्याचं. त्यानंतर मला काही ऐकू आलंय का? हे मला पुन्हा विचारायचं नाही. ऐकलं असेल नसेल, मी लिहिणार नाही, तुला तर नाहीच, आणि डंकनलाही नाही. कोणाला लिहावं ते मला कळत नाही हे एकदा दिसलं. यापुढे फोनवर आणि पत्रात माझ्याकडून हवापाणी मिळेल. चिडायचं नाही.

आज वारा उत्तरेचा आहे. ऊन लख्ख. तळं अजून घट्ट आहे, वर कोणाचं पाऊल नाही.

आजी